हे बेसिन कुठं जातं

बावीस वर्षं मी बाटल्या धुतल्या.
एक लिटरच्या, हिरव्या झाकणाच्या,
प्रत्येकीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी:
नासर्डी, सातपूर पूल, सकाळी सात.
नासर्डी, तिडके कॉलनी.
नासर्डी, टाकळीचा संगम,
जिथं ती गोदावरीत शिरते आणि तिचं नाव संपतं.
अहवालात ती नंदिनी असायची.
मी बाटलीवर नासर्डीच लिहायचो,
नाकाला शुद्धलेखन कळत नाही.

सात जण तिच्यावर डॉक्टर झाले.
सात काळे प्रबंध, सोनेरी अक्षरं,
काचेच्या कपाटात उभे.
किल्ली माझ्याकडे.
कसर सोडली तर आत कुणी गेलं नाही.

पाणी किती आजारी ते मोजायचं
तर त्यात नारिंगी औषध घालावं लागतं, क्रोमियमचं,
चिमूटभर पारा, भरपूर आम्ल, दोन तास उकळी.
मग आकडा मिळतो.
आकडा वहीत जातो,
नळी बेसिनमध्ये उपडी होते.
मीच करायचो ते.
वरून नळ सोडायचो मोठा,
स्वच्छता म्हणून.

त्या वर्षी हरसूलकडची कुसुम भोये आली,
एम.एस्सी. भाग एक.
तिच्या पाड्यावर पाणी डोक्यावरून येतं,
त्यामुळं असेल, हंडा उतरवल्यावरही
तिचं लक्ष पाण्यावरच.
पहिल्याच प्रॅक्टिकलला म्हणाली,
मामा, हे बेसिन कुठं जातं?

बावीस वर्षांत हा प्रश्न
एकाही पेपरात आला नव्हता.
खाली, मी म्हणालो.
खाली कुठं?

क्षेमकल्याणी सरांनी नकाशा मागवला.
बांधकाम विभागानं कळवलं, नकाशा आहे,
पण तो इमारत होण्याआधीचा.

मग तिनं कॅन्टीनमधून जिलबीचा रंग आणला, वाटीभर,
वाघचौऱ्यांनी पैसे घेतले नाहीत.
रंग ओतला, मला म्हणाली घड्याळ बघा,
आणि आम्ही कुंपणाच्या भगदाडातून
मागच्या नाल्यावर जाऊन बसलो
घाणेरीच्या झुडपात.
एक टिटवी आमच्यावर सारखी ओरडत होती.
अकरा मिनिटं.
मग पाइपाच्या तोंडातून
लग्नाच्या पंगतीचा रंग बाहेर आला
आणि उतारानं निघाला नासर्डीकडे,
माझ्या दुसऱ्या बाटलीच्या जागेकडे.

कुसुम हसली नाही.
मी माझे हात बघत बसलो.

त्याच आठवड्यात परिषद होती:
शाश्वत विकास आणि विद्यापीठांची भूमिका.
वीस फुटी फ्लेक्स, त्यावर हिरवं पान,
पाहुण्यांसमोर प्लास्टिकच्या बाटलीत पाणी.
सर बोलायला उठले,
भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला
आणि अकरा मिनिटांची गोष्ट सांगितली,
आपल्याच विभागाचं नाव घेऊन.
टाळ्या कमी पडल्या.
कुलसचिवांनी चहा लवकर जाहीर केला.

नदी साफ झाली वगैरे काही नाही.
वरून अजून फेस येतो, पुलाखाली गाद्या अडकतात.
आमच्याकडून झालं ते एवढंच:
नारिंगी पाणी आता जाड कॅनमध्ये साठतं,
वर कवटीचं चित्र, शेजारी माझी सही,
वर्षातून दोनदा गाडी येऊन नेते.
हात धुतल्याचं पाणी मागच्या चरात,
विटांचे तुकडे, वाळू, त्यावर कर्दळ.
मे महिन्याच्या सुट्टीत तिला कोण बघणार
यावर तीन बैठका झाल्या.
तोवर ती फुलली.
फ्लेक्स खतखड्ड्यावर अंथरलाय.
उन्हानं पान उडालं,
'भूमिका' तेवढी वाचता येते.
तिच्यावर मांजर झोपतं.

मी मार्चअखेर निवृत्त झालो.
शाल मिळाली, नारळ मिळाला.
कुसुमनं एक बाटली दिली,
हिरव्या झाकणाची, रिकामी, धुतलेली,
चिठ्ठी तिच्या अक्षरात:
नासर्डी, उगम.
तिथला नमुना आपण कधी घेतलाच नाही, मामा.

खरंच नाही घेतला.
रविवारी जाऊ म्हणतेय.
गुडघ्याला तेल लावून ठेवलंय,
बस किती वाजताची,
तेवढं विचारायचं राहिलं.